घटक तीन

खानापुरात बीआरसीच्या हॉलमध्ये पंखा एकच,
तोही गुरुपादय्या सरांच्या डोक्यावर.
आम्ही बावीस हेडमास्तर. मी त्यात प्रभारी,
म्हणजे चाव्या माझ्याकडे, पगार सहशिक्षिकेचाच.

पुस्तक कन्नडात. गुळगुळीत कागद,
वास नव्या चपलेसारखा.
कुठल्या तरी परदेशात लिहिलं,
मग दिल्लीला, मग बेंगळुरूला
दर मुक्कामी एकेक कपडा बदलत
आमच्यापर्यंत आलं.
पान नऊवर एक हेडमास्तर आहे.
कुठला, ते नाही दिलेलं,
'एका विकसनशील देशातील शाळा' एवढंच.
पत्र्याच्या शेडपुढं उभा, ऊन डोळ्यांत,
कमरेला चाव्यांचा जुडगा.
मी माझी कमर चाचपून बघितली.

माझं कन्नड बाजारापुरतं आणि सहीपुरतं.
शेजारी रेणुका हुंदरे कुजबुजत अर्थ सांगते.
सर म्हणाले, आपापली शाळा चार रकान्यांत मांडा:
सामर्थ्य, दौर्बल्य, अवकाश, बेदरिके.
पहिले दोन तर घरचेच.
बेदरिके म्हणजे धोका, तोही ओळखीचा,
रोज साडेसातला येतो आमच्या गावात,
पिवळा, कॉन्व्हेंटचा,
हॉर्न देतो आणि चौथीतली दोन पोरं घेऊन जातो.

राहिला अवकाश.
तो मी मराठीत वाचला
आणि लिहीत सुटले:
दोन वर्गखोल्या. पूर्वी पाचवी-सहावी भरायची.
एकीत आता तांदळाची पोती,
दुसरीत काही नाही, भिंतीवर पाढे,
सतराचा अर्धा पुसलेला.
दुपारी दोन ते सव्वातीन,
यल्लूबाई भांडी घासून पाय पसरून बसते,
पोरं जेवून पेंगतात, वरून फोन येत नाही कुणाचा.
प्रार्थनेच्या रांगेत पोरापोरांमधलं अंतर,
पट एकोणीस,
हात लांब करूनसुद्धा खांदा लागत नाही पुढच्याचा.
रकाना पुरला नाही. समासात गेले.

रेणुका वाकून बघते नि पदरात हसते,
"बाई, काय लिहूलायसा हे?
त्यांच्यात अवकाश म्हणजे संधी की हो!"

पेननं लिहिलेलं. खोडणार कशानं?

वह्या गोळा करताना सर थांबले.
निपाणीचे ते, मराठी येते त्यांना वाचायला.
चष्मा कपाळावर चढवून एकदा, उतरवून एकदा,
तिसऱ्यांदा नुसतंच बघत राहिले.
बोलले काही नाहीत.
दोन खोल्यांच्या ओळीपुढं
लाल पेननं बरोबरची खूण केली
आणि पुढच्या बाकाकडं गेले.

सोमवारी दुसऱ्या खोलीचं कुलूप काढलं.
खोबरेल घालून, दगडानं ठोकून.
एकोणीस पोरं आत पळाली,
आवाज भिंतीवर आपटून दुप्पट झाला,
तेवढ्यापुरता पट अडतीस.
यल्लूबाई दारात, हातात उलथणं:
आता हे कशाला उघडलं?

अर्थ मला दोन्ही भाषांत माहीत होता.
सांगता एकीतही येईना.
म्हटलं, झाडू आण आधी.