ओतकाम

किक ड्रमच्या तोंडावर ऑइलपेंटनं पाच नावं होती.
पहिलं माझं नव्हतं.

दोन हजार तीन. उद्यमनगर. सोमवार,
म्हणजे कारखान्यांना सुट्टी, म्हणजे आमचा दिवस.
भूपाल मगदूमनं सात तारांची गिटार खाली उतरवली,
इतकी खाली
की तार तारेसारखी न वाजता दाव्यासारखी वाजली.
"आता कसं," म्हणाला, "तुझ्या बाबांच्या लेथच्या सुरात आली."
खरंच आली होती.
जमीर मुजावर गायचा. गायचा म्हणजे
आधी भरभर बोलायचा, भांडण लागल्यागत,
आणि मग घशातनं भट्टीचं दार उघडायचा.
रणधीर ड्रमवर. टिप्या चकतीवर,
मंडळाच्या डॉल्बीवरनं फोडून आणलेला;
तो रेकॉर्ड मागंपुढं घासायला लागला
की शेजारचा वॉचमन येऊन विचारायचा,
काय बिघडलंय?
मी बेस. मला कोण काय विचारत नव्हतं.

पहिला गेला टिप्या.
गणपतीच्या अकरा दिवसांत त्याला जे मिळायचं
ते आम्ही अकरा वर्षांत दिलं नसतं.
भांडण नाही, काही नाही.
जाताना माझी वायर तेवढी घेऊन गेला.

मग दोन हजार पाच. शुक्रवार पेठेत पाणी,
रणधीरच्या माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पंचगंगा.
ड्रम तरंगले. झांजा सापडल्या, चिखलानं जड.
तो चाकणला गेला, गाड्यांच्या कंपनीत.
फोनवर म्हणाला, "नाव एवढ्यात पुसू नका."
आम्ही त्याच दिवशी पुसलं होतं.

दौलू आवळे हलगीवाला.
तो ड्रम शिकला नाही,
त्यानं ड्रमलाच हलगी शिकवली.
ती दोन वर्षं. काय सांगू.
आठ गाण्यांची सीडी काढली, पाचशे प्रती,
तीनशे बारा अजून पोटमाळ्यावर आहेत.
राणी चन्नम्मानं बंगळूरला गेलो,
तिथली पोरं एक शब्द न कळता
आमच्या शिव्यांवर उड्या मारत होती.
परतताना मिरजेच्या फलाटावर
भूपाल म्हणाला, "पुढची सगळी इंग्रजीत करू."
जमीर चहा पीत होता.
"मला इंग्रजीत राग येत न्हाई," म्हणाला.
कप ठेवला,
आणि कोल्हापूरच्या गाडीत दुसऱ्या डब्यात बसला.

कागलची इंद्रायणी कुरणे आली. नर्सिंगला होती.
पहिल्या दिवशी तिनं गळा असा फाडला
की दौलूचा ठोका चुकला, आयुष्यात एकदाच.
पोस्टरवर तिचं नाव आमच्यापेक्षा मोठं छापलं,
ते तिनंच मार्करनं बारीक केलं.
सीपीआरला नोकरी लागली, रात्रपाळी.
सहा महिने ती ऑपरेशनच्या ड्यूटीवरनं थेट प्रॅक्टिसला आली,
डोळे लाल, हाताला स्पिरिटचा वास.
मग एका सोमवारी नाही आली.
पुढच्याही.

भूपालचं काय झालं ते मी सांगणार नाही.
त्याची गिटार माझ्याकडं आहे.
तारा गंजल्यात. बदललेल्या नाहीत.

बाबा म्हणायचे,
साचा फोडल्याबिगर माल निघत न्हाई.
ते लोखंडाबद्दल बोलत होते.

आता लेथ मी चालवतो. बँड आहे अजून.
दौलूचा भाचा ड्रमवर,
शिरोलीचा सुमेध गिटारला, गातोही तोच.
बँड निघाला त्या साली जन्मलेला.
विचारतो, "काका, तुम्ही ओरिजिनल मेंबर का?"
किक ड्रमवर रंगाचे एवढे थर चढलेत
की नखानं खरवडलं तर
खाली कुणाचंतरी 'मी' निघतं, कुणाचा 'र'.

परवा जमीर आला, कप्लिंग टर्निंगला घेऊन.
सेंट्रिंगचा धंदा आहे त्याचा. घशात गाठ झाली होती,
काढली, आवाज खाली बसला,
आता सावकाश, जवळ येऊन बोलतो.
आत पोरं त्याचंच गाणं घेत होती.
तो दारात उभा राहिला, चप्पल न काढता,
पूर्ण ऐकलं.
"दुसऱ्या ओळीत श्वास घेतोय," मला म्हणाला,
"तिथं श्वास न्हाई."
मी म्हटलं, आत जाऊन सांग.
रिक्षा चालूच ठेवलेली त्यानं.
"तू सांग," म्हणाला,
आणि कप्लिंगचे पैसे मोजून टेबलावर ठेवले,
नेहमीच्या गिऱ्हाइकागत.