शाळा भाड्याने

ओहायोतली आमची शाळा बंद पडून सोळा वर्षं झाली,
तिच्यातली पोरं मात्र अजून सतरा वर्षांचीच आहेत.
दर उन्हाळ्यात ट्रक येतात, मी कुलूप काढतो.

सतरा म्हणजे कागदोपत्री.
फुटबॉल संघाचा कप्तान काल माझ्याकडे
ॲसिडिटीची गोळी मागत होता,
दुपारी त्याची दुसऱ्यांदा दाढी केली.

हुशार मुलीला चष्मा. चष्म्याला काचा नाहीत.
शेवटून तिसऱ्या दिवशी ती तो काढते,
केस मोकळे सोडून जिना उतरते
आणि अख्खा हॉल श्वास रोखतो,
जणू इतके दिवस चष्मा त्यांनाच लागला होता.

कॅन्टीनमध्ये कुणी कुठे बसायचं ते ठरलेलं:
चिअरलीडर खिडकीपाशी, बँडवाले कचऱ्याच्या डब्याजवळ.
(एवढं मात्र खरं. आमच्याकडेही तसंच होतं.)
मग कुणीतरी जेली फेकतं. सात टेक.
वाळलेली जेली फरशीवरून कशी निघते, मला विचारा.

आणि आई-बाप नेमके परगावी,
आणि पैज लागलेली, आणि ती तिला कळलेली,
आणि तो माइक हिसकावून सगळ्यांसमोर माफी मागणार.
शांतता. मग एक टाळी.
त्या पहिल्या टाळीवाल्याला वीस डॉलर जास्त.
बाकीच्यांना नेहमीचाच रोज.

आमची शेवटची बॅच एकेचाळीस पोरांची,
टायरचा कारखाना गेला त्याच वर्षीची.
हेडमास्तरांनी नावं वाचली.
पहिली टाळी कुणी वाजवायची, हे ठरलंच नव्हतं.

गुरुवारी, नवव्या टेकला, नायकाने लॉकरवर मूठ आपटली
(आपटतातच ते)
आणि शेजारचा, २१४ नंबरचा,
जो माझ्या पहारीलाही दाद देत नव्हता,
आपणहून उघडला.
एक मोजा. दातांच्या तारेची डबी.
रसायनशास्त्राचा पेपर, शंभरात त्रेचाळीस.
"हे कुणी ठेवलं?" डिरेक्टर ओरडला. "स्क्रिप्टमध्ये नाहीये!"

डॅरेल कोवालचिक. बाहेर जनरेटरचा ट्रक त्याचाच.
कप्तानाहून दोनच वर्षांनी मोठा, पण टक्कल पडलंय.
मी पेपर हातात दिला.
मार्कांकडे त्याने पाहिलंच नाही.
अंगठा खाली सरकला, रिकाम्या रेघेपाशी:
पालकांची सही.

"ह्याच भीतीने लॉकर ठोकून बंद केला होता," म्हणाला.
बाप जाऊन त्याला सहा वर्षं झाली.
जनरेटर घुरघुरत होता, आत दहावा टेक लागत होता.
त्याने पेपर ट्रकच्या बॉनेटवर पसरला, तळव्याने सपाट केला
आणि माझ्याकडे पेन मागितलं.