चार ओळींची जागा

प्रशिक्षणात सगळ्यांना एकेक कागद वाटला.
वर छापलेलं : सन २०५० मधील शाळा कशी असेल?
खाली चार ओळींची जागा,
त्याखाली सही, शिक्का आणि मोबाईल नंबर.

शेजारी देवनारच्या फरहाना मॅडम
झरझर लिहीत होत्या, मान वर न करता.
मला सुचेना.
सव्वीस वर्षं ट्रॉम्बेच्या शाळेत काढली,
मतदारयाद्या केल्या, जंताच्या गोळ्या वाटल्या,
खिचडी आधी स्वतः चाखून मग सही केली,
पण भविष्यकाळ शिकवला तो फक्त व्याकरणात :
मी जाईन. आम्ही जाऊ. ते जातील.

मागच्या बाकावरचे सर म्हणाले, लिहा की बाई,
भिंती नसतील, दप्तर नसेल,
मास्तर तर नसतीलच!
सगळे हसले. मीही हसले.
पेन्शनला चार वर्षं उरली की माणूस हसून घेतो.

माझ्या डोळ्यांपुढे जिन्याखालचा कोपरा होता.
मधली सुट्टी. निकेश वैती, सहावी ब,
मांडीवर शाळेचा टॅब, काचेला तडा गेलेला.
निकेश बोलताना अडखळतो,
'भ'पाशी तर त्याची होडी रुततेच.
दोन वर्षं मी त्याला वाचायला उभं केलं
आणि दोन वर्षं तिसऱ्या शब्दाला म्हणाले,
बरं, बस. पुढचा कोण?
चौपन्न मुलं, पस्तीस मिनिटांचा तास.
हिशेब बरोबर आहे.
बरोबर असूनही घशात अडकतो,
बोंबलाचा नव्हे, पाल्याचा काटा.

त्या दिवशी तो टॅबला धडा वाचून दाखवत होता.
भ... भ... भर...
मी दाराआड उभी राहून मोजत होते.
अकरा सेकंद.
यंत्राने भुवई उचलली नाही, त्याला भुवईच नाही.
मागच्या बाकावरून कुणी खुसखुसलं नाही.
भरती, म्हणाला निकेश.
छान, म्हणालं यंत्र. पुढे वाचा.

खोटं कशाला बोलू,
एका तडा गेलेल्या डब्याचा हेवा वाटला मला.

मग त्याने धडा सोडला
आणि आपल्या मनचं विचारलं :
नि... निवटी ठाव हाय का तुला?
समजलं नाही. पुन्हा सांगा.
निवटी.
समजलं नाही. पुन्हा सांगा.
अरे निवटी! चिखलात बिळं असतात तिची,
पाण्याभायेर पण जगते, दोन डोळे वर, बेडकागत,
माझा आजा हातानं धरतो,
बिळात कोपरापर्यंत हात घालून,
तुला येवढं पण नाय माहीत?

एका दमात. कुठेही न रुतता.
खाडीवरून येणारा पोर जसा
चिखल कुठे घट्ट ते न बघताच चालतो.

मग त्याने वर पाहिलं. मी दिसले.
बा... बा...
माझंच नाव होतं ते, अडलेलं.

हॉलमध्ये चहा फिरला, कप गोळा झाले.
मी पहिल्या ओळीत लिहिलं :
पोरांना ठाऊक असलेलं पुष्कळसं
शाळेला ठाऊक नसेल, आणि शाळा ते कबूल करेल.
अक्षर बारीक काढलं, एका ओळीत बसवलं.
खाली सही केली.

कागद गोळा करणारे साहेब थांबले.
बाई, तीन ओळी मोकळ्या राहिल्यात,
भरा काहीतरी.
म्हटलं, असू द्या तशाच,
तिथे एक मुलगा बोलतोय अजून.

त्यांनी घड्याळ पाहिलं.