शिट्टी

मी फळ्याकडे वळले, की वाजते.
ओठ कुणाचेच हलत नाहीत.
त्रेचाळीस चेहरे, सगळे साळसूद,
आणि खिडकीबाहेर सेखोबेचा कुत्रा
कान टवकारून उभा.
कुत्र्याला खोटं बोलता येत नाही.

पहिल्या महिन्यात सगळं करून पाहिलं.
डोळे वटारले. पुढच्या बाकावर आणला.
नाव फळ्यावर लिहिलं, नावापुढे फुल्या;
फुल्यांची रांग दाराच्या चौकटीला टेकली
तेव्हा तोच म्हणाला, "बाई, आज सतरा."

मग बाहेर काढला.
मोखोत्लोंगचा मे महिना,
नळात पाण्याची काठी झालेली.
घोंगडी लपेटून तो उभा राहिला,
सहा वर्षांचा असल्यापासून डोंगरावर
दुसऱ्यांच्या मेंढ्यांमागे उभा राहत आलाय, तसाच.
शिक्षा झाली ती मला,
काचेतून त्याच्याकडे बघत शिकवण्याची.

हेडमास्तर त्सिउ म्हणाले, कपाटात छडी आहे.
म्हटलं, ठाऊक आहे.
मी याच शाळेत शिकले.
तिची लांबी माझ्या तळहाताला अजून पाठ आहे.

एका मंगळवारी अपूर्णांकांची बेरीज चालली होती.
छेद सारखे करत होते, तोच वाजली.
खडू ठेवला. का कोण जाणे, विचारलं,
"ही कुठली?"
वर्ग चिडीचूप.
"कुठली म्हणजे?"
"म्हणजे, हिचा अर्थ काय?
तुमच्यात प्रत्येक शिट्टीला अर्थ असतो ना?"
तो बराच वेळ आपल्या गमबुटांकडे बघत राहिला.
"कळप पुढे जातो," तो म्हणाला,
"आणि एखादं मागे राहतं.
त्याच्यासाठी."

मी फळा पुसला.
एक भाकरी काढली, गोल,
आणि तिचे पुन्हा पहिल्यापासून दोन तुकडे केले.

तो सुधारला वगैरे नाही.
गुरुवारीच त्याने थेरिसोच्या टोपीत शाई ओतली,
शुक्रवारी मी ओरडले, नको तेवढी,
घसा अजून बसलेला आहे.

पण काल वाजली तेव्हा
सेखोबे आलाच नव्हता.
खिडकीत कुत्रा नव्हता.
बेचाळीस चेहरे, सगळे साळसूद,
आणि मी, खडू हातात धरून,
एकेक मोजत
कोण मागे राहिलं ते बघत उभी.