जशी आहे तशी

वेळापत्रकातला रविवार
फोनच्या कडेवरून खाली पडायचा.
एवढंच होतं मूळ दुखणं.
सोमवार ते शनिवार नीट दिसत,
रविवार मात्र काचेच्या बाहेर कुठेतरी,
जिथे बोट पोचत नाही.

सोमवारी सकाळी तालिनच्या इस्पितळात
लेइडाआजीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.
तिने शनिवारची वेळ वाचली, रविवारी आली.
हेल्टर्माच्या धक्क्यावर तेव्हा फक्त
बोटीने फोडलेल्या बर्फाची काळी वाट उरली होती.
मी तिकीटखिडकीत होते.
तिला कॉफी दिली. दुसरं काय देणार?

मग रात्री बसू लागले,
शेवटची फेरी गेल्यावर, हीटरला पाठ लावून.
तक्ता लहान पडद्यावर घडी व्हायला हवा,
चादरीची करतात तशी, दोन टोकं धरून,
एकही वार सांडू न देता.
तीन हिवाळे. चारशे अकरा ओळी.
खोडल्या त्यांचा हिशेब नाही.

नाव ठेवलं कादकस.
आमच्या बेटावरच्या खडकाळ माळावरचं काटेरी झुडूप,
ज्याच्या लाकडाच्या लोण्याच्या सुऱ्या
बाबा कोरतात, आणि येईल त्याच्या हातात ठेवतात.
किंमत विचारली की त्यांना ऐकू येत नाही.
एरवी छपरावरची खारसुद्धा ऐकू येते.

इंद्रेक म्हणाला, पैसे लाव, थोडे का होईना,
फुकटाला किंमत नसते.
खरं असेल. फुकट ते पौष्टिक म्हणून
सगळ्यात आधी धावतात ते
ज्यांचं पोट आधीच सुटलेलं असतं.
तरी मी मोकळा परवाना निवडला.
त्यात लिहिलं होतं:
ही वस्तू जशी आहे तशी दिली आहे,
कसलीही हमी नाही.
तीनदा वाचलं.
माझ्या लग्नाच्या कागदावर
हे एक वाक्य असतं
तर कितीतरी भांडणं वाचली असती.

बटणावर बोट ठेवलं आणि आठवलं,
ओळ दोनशे सातच्या वर माझीच टीप आहे:
हे का चालतं, कळत नाही. कृपया हात लावू नये.
पुसावी का?
पाहुण्यांसमोर फाटका पदर झाकतात तशी?
राहू दिली.
बाई गं, म्हटलं, कुठलं घर ते मला ठाऊक नाही,
पण दिल्या घरी सुखी राहा.

अकरा दिवस काही नाही.
मग कुणीतरी खेकसलं, माझं काम अडलंय, लगेच दुरुस्त करा,
जशी काही मी त्याचाच पगार खाते.
मग पुन्हा काही नाही.

मग नुआकशोतहून मैमूना.
ती लसीकरणाच्या फेऱ्यांचे तक्ते करते,
वाळूतून जाणाऱ्या दोन गाड्या, सतरा गावं.
तिने लिहिलं:
आमची लिपी उजवीकडून सुरू होते,
आठवडा शनिवारपासून.
तुमची घडी आमच्याकडे उलटी पडते.
आमचा शुक्रवार डावीकडून सांडतो.

खाली तिनेच शिवलेल्या एकोणीस ओळी,
बारीक टाक्याच्या.
आणि दोनशे सातवर, माझ्या टिपेच्या पोटात:
हे का चालतं, मला कळलं. सांगते.
पाच वाक्यांत सांगितलं होतं.

मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले.
तिचं सगळं जसंच्या तसं आत घेतलं.
बाहेर समुद्र कुरकुरत होता.
ज्या गावात मी कधी जाणार नाही
तिथल्या शुक्रवारची काळजी
त्या रात्री मला झोपू देईना.

लेइडाआजी अजून दर शनिवारी फोन करते,
उद्याची बोट कितीला गं?
आजी, आता दिसतो ना रविवार?
दिसतो की, स्वच्छ दिसतो, ती म्हणते,
दोन्ही डोळ्यांनी.
सांग, कितीला?