सतराला मी थांबते

हळदीच्या पोत्यावर टॉवेल अंथरला, चौकड्यांचा,
म्हटलं, आप्पा, हे टेबल. वाटणारी मी.
पैसे नकोत, हळकुंडं चालतील.
एक हळकुंड, पाचशेचं नाणं.
आप्पांनी पाच मोजून घेतली, एक परत टाकलं:
"वली हाय ही. वजनात फसवील."

चाळीस वर्षं मार्केट यार्डात तोलार.
तळहाताच्या रेषांत हळद अशी मुरलेली
की हात बघणाऱ्यानंही हात टेकावेत.

ऐका. एकवीस गाठायचे, नाहीतर जवळ जायचं.
राजा, राणी, गुलाम, सगळे दहाचे.
"राणी आन गुलाम येकाच भावानं?"
हो. तिथं तसंच असतं.
एक्का अडला तर एक, खुलला तर अकरा.
"म्हंजे तुजा धाकटा काका.
घरात येक, पावण्यांत अकरा."

एकवीसच्या वर गेलात की बुडालात.
आयर्विन पुलाखाली फूट मोजतात, तसं.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
इथं बाराला इशारा.
आप्पांनी फक्त भिंतीकडं पाहिलं,
दोनदा रंग दिला तरी
एकोणीस सालची रेघ जिथं वर येतेच.

तुमची दोन पानं उघडी.
माझं एक उघडं, एक पालथं.
आणखी हवं तर तोंडानं मागायचं नाही,
टेबलावर बोट टेकवायचं.
नको तर हात आडवा, माशी हाकलल्यासारखा.
वरच्या कॅमेऱ्याला डोळे असतात, कान नसतात.

"आस्सं! रुमालाखालचा सौदा म्हण की."
आणि आप्पा एकदम तिशीचे झाले.
अडत्या, खरेदीदार, मध्ये रुमाल, आत बोटं.
भाव कुणाला ऐकू जायचा नाही,
पण काट्यापाशी उभा माणूस
कपाळाच्या आठीवरून सांगायचा, आज चढला.
"तुजं पालथं पान तुज्या त्वांडावर वाचतो, बग."
नाही वाचता येणार, आप्पा.
ते मलाच माहीत नसतं.

त्यांना दहा आणि तीन. माझी छक्की.
थांबा, म्हटलं. बुडायची पाळी आता माझी.
"दुसरा बुडंल म्हणून आपुन गप बसायचं?"
पुस्तकात तसंच आहे.
"मग पुस्तकच वलं हाय तुजं."
बोट टेकवलं. अठ्ठी आली. एकवीस.
हसताना खोकला लागला, पाणी द्यावं लागलं.

मी सांगितलं नाही, की असंच जिंकलेला माणूस
पहाटेपर्यंत उठत नाही.
मांडवीतल्या बोटीवर एकदा इस्लामपूरचा एक जण आला.
माझ्या बिल्ल्यावर 'पॅरी', तरी बोलण्यावरून ओळखलं त्यानं.
"ताई, गाववाल्याला द्या की एक बरं पान."
त्याचे सोळा, माझा राजा.
घड्याळ गेलं होतं, अंगठी बोटातून निघत नव्हती.
उठा म्हणायची मला परवानगी नाही.
सोळापर्यंत मी उचलायचंच,
सतराला थांबायचंच.
माझ्या हातात पानं असतात, खेळ नसतो.

एवढं मात्र बोलून गेले.

आप्पा हळकुंड फिरवत राहिले बोटांत.
"काट्यागत हाय तुजं. काटा कुणाचा न्हाई."
मग बऱ्याच वेळानं, दाराकडं बघत,
"खरं पारू, काट्याला पाय लावलाय मी.
दोन येळा.
कुणापायी, त्ये इचारू नगंस."

मी विचारलं नाही.
पानं गोळा केली, आणि सवयीनं
एक टाळी वाजवून तळवे वर केले.
टेबल सोडताना दाखवावे लागतात,
बघा, काही लपवलेलं नाही.
वर कॅमेरा नव्हता. पंखा होता, बंद.

आप्पांनीही टाळी वाजवली.
तळवे वर धरले, पिवळेधमक,
आणि बघत राहिले.
"मला न्हाई घेणार तुजं लोक."

साडेनऊची पणजी गाडी गाठायची होती.
बॅग भरताना कोपऱ्यात एक हळकुंड सापडलं.
वाळलेलं, खणखणीत.
माझ्याकडून ते जिंकले होते, तेच.