आठ मिनिटं कूलर बंद

गांधीबागेतली आमची पतसंस्था बुडाली,
लिलावात खुर्च्या नगावर गेल्या, हा डबा किलोवर.
दोन किलो चारशे ग्रॅम.
भंगारवाल्यानं भावावर चहाचे पैसे तेवढे लावले.
नऊ वर्षं मी याच्यासमोर बसलो होतो.
पासवर्ड आता डोक्यात नाही, बोटांत आहे.

तसा तो मेला नव्हता.
कंपनीनं फक्त एक पत्र पाठवलं होतं,
अमुक तारखेनंतर या मॉडेलची जबाबदारी आमची नाही.
तरी रोज सकाळी बटण दाबलं की
हा निघायचा कंपनीच्या दारी, परवाना मागायला.
दार सोडा, तिथे घरच उरलं नव्हतं.
तीस सेकंद थांबायचा. पुन्हा जायचा.
लॉगमध्ये पानंच्या पानं तीच विनंती,
आणि मग हुकूम आला नाही म्हणून
सगळ्यांचं नेट अडवून बसायचा, ड्यूटीवर असल्यासारखा.

पाचपावलीत विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका.
चाळीस पोरं, एक राउटर, तोही दुपारी मान टाकणारा.
मृणाली गजभिये म्हणाली,
काका, डबा तर दणकट दिसून राह्यला,
याला दुसरं काही शिकवता नाही येत का?

येतं.
कुठल्याशा देशात कुणीतरी रात्री जागून
याच मॉडेलसाठी लिहून ठेवलंय,
फुकट, आणि ओळ न ओळ उघडी,
ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.
शेवटी एक इशारा:
मधेच वीज गेली तर डबा कायमचा दगड.

चार स्क्रू. एकावर स्टिकर, फाडल्यास वॉरंटी रद्द.
वॉरंटी संपून सहा वर्षं झालेली,
तरी नख लावताना हात थबकलाच.
आत धूळ, वाळलेलं झुरळ,
आणि कोपऱ्यात बिननावाच्या तीन पिना,
कुणी विचारल्याच नाहीत अशा.
शीलरत्न दिवसा मोबाइल दुरुस्त करतो,
त्यानं श्वास रोखून तीन तारा डाग दिल्या.

मे महिना. सेहेचाळीस.
सकाळपासून लाइन येऊन-जाऊन,
आणि इन्व्हर्टरला कूलर नि डबा दोन्ही पेलत नाहीत.
मी म्हटलं, आठ मिनिटं.
कुणी उठलं नाही.
पंखा घरघरत थांबला. वाळ्याचा ओला वास राहिला,
आणि टाकीत पडणारा एकेक थेंब.
पोरांची कोपरं वह्यांना चिकटली.
मृणाली पुठ्ठ्यानं वारा घालत होती,
स्वतःला नाही, डब्याला.

चाळीस टक्के. पंचावन्न.
एकसष्टवर अडलं.
खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.
मलाही पत्रच आलं होतं, साध्या पाकिटात,
मराठीत दोन चुका होत्या.
एकसष्ट.
घाम भुवईवर थांबला, मी तो पुसला नाही,
जणू हललो तर वायर हलेल.
एकसष्ट.
बासष्ट.

नंतर अक्षरं धावली, पांढरी, भराभर.
मी लॉग उघडून बसलो,
वाट पाहत, की हा आता निघेल परवाना मागायला.
नाही निघाला.
तीस सेकंद झाले. मिनिट झालं.
जागच्या जागी बसून
चाळीस जणांना सारखं वाटप करू लागला.

झालं का काका, मागून कुणीतरी.
झालं म्हटलं.
कूलर चालू झाला, पहिला झोत नेहमीसारखा गरम,
आणि सगळे परत आपापल्या पुस्तकात.
टाळ्याबिळ्या काही नाहीत, महिन्यावर परीक्षा.

पुढचा तिसरा दिवा मात्र लागत नाही.
त्याच्यासाठी अजून कुणी काही लिहिलेलं नाही.
मृणाली म्हणते, पेपर होऊन जाऊ द्या, मी बघते.

नवा पासवर्ड पोरांनीच ठेवलाय.
सकाळी माझी बोटं आधी जुनाच टाइप करतात.
तो म्हणतो, चूक.